तक्रार कुणाकडे करायची?

मागच्या महिन्यात लेकीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज जरा उतरलेला वाटला. ती इंग्लंडमध्ये एका प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून काम करते, हे आपल्या घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. म्हणाली, "आई, आज वर्गातल्या एका मुलाच्या दंडावर वळ दिसले. लगेच लिहून द्यावं लागलं."

मी विचारलं, "कुणाला?"

"शाळेत त्यासाठी एक शिक्षक नेमलेला असतो. आपल्याला काय दिसलं ते लिहायचं, मूल काय बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, तारीख-वेळ घालायची आणि द्यायचं. खोदून खोदून विचारायचं नाही. आपला तर्क लिहायचा नाही."

मुलाचं नाव तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग तिनं सहज विचारलं, "तुमच्या वेळी काय करायचात गं, असं काही दिसलं तर?"

मी "बघू, मग सांगते" असं काहीतरी बोलून विषय बदलला. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. शेवटी, हे नियम तिथे आले कुठून, म्हणून वाचायला बसले. वाचता वाचता लक्षात आलं की तिनं सांगितलेल्या त्या दोन-तीन साध्या सूचनांमागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली बरीच पानं मुलांच्या मरणानं लिहिली गेली आहेत. तोच इतिहास आज थोडक्यात सांगते. विषय जड आहे, पण टाळण्यासारखा नाही.

सुरुवात न्यूयॉर्कमध्ये होते. १८७४ साली तिथल्या एका चाळवजा इमारतीत मेरी एलन नावाच्या मुलीला तिची सांभाळ करणारी बाई रोज मारते, कोंडून ठेवते, असं शेजाऱ्यांनी एट्टा व्हीलर या गरीब वस्तीत काम करणाऱ्या बाईंना सांगितलं. व्हीलरबाई पुष्कळ दारं फिरल्या, पण परक्याच्या घरात शिरून मूल सोडवायचं काम कुणाचंच नव्हतं. अखेर त्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेल्या. हे गृहस्थ प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणाऱ्या संस्थेचे प्रमुख. मुलीला 'प्राणी' ठरवून सोडवली, अशी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात, पण ती खरी नाही. बर्ग यांच्या वकिलांनी तिला माणसाचं मूल म्हणूनच न्यायालयापुढे आणवलं, आणि त्या बाईला एक वर्षाची शिक्षा झाली. एवढं मात्र खरं की घोड्याला मारलं तर तक्रार करायला दार होतं आणि मुलाला मारलं तर नव्हतं. त्याच वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये मुलांसाठी तशी संस्था निघाली.

ती पाहून आलेल्या एका व्यापाऱ्यानं १८८३ साली लिव्हरपूलमध्ये तशीच संस्था काढली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये निघाली. बेंजामिन वॉ नावाचे पाद्री तिचे आधारस्तंभ होते. १८८९ साली तिचं राष्ट्रीय संस्थेत रूपांतर झालं (तीच आजची एनएसपीसीसी), आणि त्याच वर्षी इंग्लंडात मुलांच्या छळाविरुद्ध पहिला कायदा झाला. संस्थेचे निरीक्षक गणवेश घालून गल्लोगल्ली फिरत. लोक त्यांना 'क्रुएल्टी मॅन' म्हणत. त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारींत मोठा वाटा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा असे. भिंतीपलीकडचं रडणं ज्याला ऐकू येतं तोच तक्रार करणार, हे तेव्हाही तसंच होतं.

नंतरच्या काळात हे काम हळूहळू सरकारी खात्यांकडे गेलं. १९६२ साली अमेरिकेत डॉ. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांविषयी एक लेख लिहिला. लहान मुलांच्या मोडलेल्या हाडांची कारणं आईबाप सांगतात तीच असतात असं नाही, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. त्यानंतर पाच वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी अशा संशयाची खबर देण्याचे कायदे केले. कायदे झाले, खाती झाली, निरीक्षक झाले. आता मूल सुरक्षित राहायला हवं होतं.

पण तसं झालं नाही. इंग्लंडातल्या ब्रायटन शहरातली मारिया कोलवेल ही मुलगी १९६५ साली जन्मली. ती तान्ही असतानाच वडील वारले आणि तिला आत्याकडे ठेवलं गेलं. पाच वर्षांहून जास्त काळ ती तिथे सुखात होती. मग आईनं दुसरं घर मांडलं आणि मुलगी परत मागितली. मुलीची मुळीच इच्छा नव्हती, ती रडायची, पळून जायची. तरी १९७१ साली तिला आईकडे पाठवलं गेलं, आणि सरकारी देखरेखीचा आदेश तेवढा ठेवला.

पुढचं सव्वा वर्ष शेजारी तक्रारी करत राहिले. मुलगी वाळत चालली आहे, अंगावर खुणा आहेत, एवढ्याशा पोरीला कोळशाचं ओझं आणायला पाठवतात. शाळेतल्या शिक्षकांनीही कळवलं. तक्रारी गेल्या नाहीत असं नाहीच. एक समाजकल्याण खात्याकडे गेली, एक एनएसपीसीसीकडे, एक शिक्षण खात्याच्या माणसाकडे, एक घरांच्या खात्याकडे. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. सगळे तुकडे एका टेबलावर कधी मांडलेच गेले नाहीत, आणि दुसरा कुणीतरी बघतो आहे असं प्रत्येकाला वाटत राहिलं. जानेवारी १९७३ मध्ये सावत्र बापाच्या मारानं मारिया गेली. तेव्हा ती आठ वर्षांचीही नव्हती.

लोक इतके संतापले की सरकारला जाहीर चौकशी नेमावी लागली. सप्टेंबर १९७४ मध्ये अहवाल आला. एकेका माणसाच्या चुका त्यात आहेतच, पण मुख्य ठपका खात्याखात्यांत एकमेकांना न कळवण्यावर आहे. त्यानंतर प्रत्येक भागात पोलीस, डॉक्टर, शाळा आणि समाजकल्याण यांनी एकत्र बसण्याची पद्धत सुरू झाली आणि धोक्यात असलेल्या मुलांची नोंदवही ठेवली जाऊ लागली. ती शिक्षिका कोण असेल, असं मला वाचताना सारखं वाटत होतं. तिनं सांगितलं होतं. आपण सांगूनही मूल गेलं, हे घेऊन ती पुढे वर्गात कशी उभी राहिली असेल?

यावरून कुणालाही वाटेल की मग सरळ आहे, तक्रार आली की मूल उचलावं आणि सुरक्षित ठिकाणी न्यावं. चौदा वर्षांनी इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या क्लीव्हलंड परगण्यात नेमकं तेच झालं.

१९८७ सालच्या पहिल्या सहामाहीत तिथल्या दोन बालरोगतज्ज्ञांनी १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं निदान केलं. अशा अत्याचाराची शारीरिक खूण सांगणारी एक तपासणी तेव्हा नवीन होती आणि तिच्यावर त्यांचा फार भर होता. मुलं आली होती दुसऱ्याच दुखण्यांसाठी, आणि आईबापांना घरी जाताना मूल मिळालं नाही. समाजकल्याण खात्यानं डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानून ताब्याचे आदेश घेतले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे असा आदेश २८ दिवसांपर्यंत चाले. इस्पितळाचे वॉर्ड भरून गेले, सांभाळणारी घरं पुरेनात. पोलिसांचे डॉक्टर म्हणत की हे निदान आम्हाला मान्य नाही, आणि पोलीस व खातं यांच्यात बोलणंच खुंटलं. मुलांची पुन्हा पुन्हा तपासणी झाली, पुन्हा पुन्हा जबान्या झाल्या.

आणि आईबापांनी तक्रार कुणाकडे करायची? ज्या खात्याविरुद्ध तक्रार, तेच खातं ती ऐकणार. त्यांचं ऐकायला कुणी नव्हतं. शेवटी ते स्थानिक पाद्र्याकडे गेले, वर्तमानपत्राकडे गेले, आपल्या खासदाराकडे गेले, आणि हा प्रश्न पार्लमेंटात पोचला. न्यायाधीश एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांनी चौकशी केली आणि १९८८ च्या जुलैत अहवाल दिला. तोवर न्यायालयांनी बहुतेक मुलं घरी पाठवली होती. आता यातल्या किती मुलांवर खरोखर अत्याचार झाला होता, हे ठरवण्याचं काम या चौकशीकडे नव्हतं, आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. काहींवर झालाही असेल. म्हणजे कुठलं मूल निष्पाप घरातून उचललं आणि कुठलं मूल पुन्हा छळणाऱ्याच्याच हाती दिलं, हे घाईमुळे आणि भांडणामुळे कळायची वाटच बंद झाली. मला या प्रकरणात सगळ्यात वाईट हे वाटलं.

अहवालातलं मला पटलेलं सांगते. एकाच खुणेवरून निर्णय करू नका. मुलाला वारंवार तपासू नका. आईबापांना काय चाललं आहे ते सांगा, निर्णय लेखी द्या, तक्रार कुठे करायची तेही सांगा. आणि मूल हे एक माणूस आहे, नुसती काळजी करायची वस्तू नव्हे, हे विसरू नका. या अहवालानंतर १९८९ चा मुलांचा कायदा झाला. २८ दिवसांच्या जागी आठ दिवसांचा तातडीचा आदेश आला (फार तर आणखी सात दिवस वाढवता येतो), आणि आईबापांना तो न्यायालयात आव्हान देण्याची सोय झाली. खात्याविरुद्ध मुलाची किंवा पालकांची तक्रार आली तर ती ऐकताना खात्याबाहेरचा एक माणूस बसलाच पाहिजे, असंही त्याच कायद्यात आलं. आमच्या शाळेत इतकी वर्षं तक्रारपेटी होती, तिची किल्ली मुख्याध्यापकांच्याच खिशात असायची, हे मला त्यावरून आठवलं!

नियम कागदावर आले म्हणजे हातात आले असं नाही. १९९१ च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर पहाटेच्या अंधारात नऊ मुलं घरांतून उचलून नेली. पाच आठवड्यांनी न्यायालयानं ती परत पाठवली. पुन्हा चौकशी, पुन्हा तेच निष्कर्ष.

आणि मग लंबक पुन्हा दुसऱ्या टोकाला गेला. व्हिक्टोरिया क्लिम्बिए ही पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टची मुलगी. युरोपात चांगलं शिक्षण मिळेल म्हणून आईबापांनी तिला वडिलांच्या आत्याबरोबर धाडली. आपल्याकडे शिकायला मुंबई-पुण्याच्या नातेवाईकांकडे मुलं ठेवायचे, तसंच. आत्यानं तिला दुसऱ्याच मुलीच्या पासपोर्टवर आणलं, त्यामुळे लंडनमध्ये सगळ्या कागदांवर तिचं नाव 'अ‍ॅना' होतं. एप्रिल १९९९ मध्ये ती लंडनला आली आणि २५ फेब्रुवारी २००० रोजी, वयाच्या नवव्या वर्षी, मेली. अंगावर १२८ जखमा होत्या.

या दहा महिन्यांत ती चार नगरपालिकांच्या समाजकल्याण खात्यांना, दोन इस्पितळांना, पोलिसांच्या दोन बालरक्षण पथकांना आणि एनएसपीसीसीच्या एका केंद्राला माहीत होती. एका नातेवाईक बाईंनी नाव न सांगता फोन केला होता. मुलं सांभाळणाऱ्या एका बाईंनी तिच्या अंगावरच्या खुणा पाहून तिला इस्पितळात नेलं. तिथे खरूज असल्याचं निदान झालं आणि ती परत गेली. नोव्हेंबर १९९९ मध्ये आत्यानंच सांगितलं की बरोबर राहणारा पुरुष मुलीवर लैंगिक अत्याचार करतो, आणि दुसऱ्या दिवशी शब्द फिरवला. शब्द का फिरवला हे विचारायला हवं होतं. पण तक्रार मागे घेतली म्हणजे संपली, असं धरलं गेलं आणि तपास झालाच नाही. पुढे खात्याच्या बाईंनी घराचं दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, तेव्हा ही मंडळी घर सोडून गेली असावीत असं मानलं गेलं. ज्या दिवशी ती मेली, त्याच दिवशी तिची फाइल बंद झाली.

लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल जानेवारी २००३ मध्ये आला. तिला वाचवण्याच्या बारा संधी हुकल्या असं त्यांनी दाखवलं आणि १०८ शिफारशी केल्या. त्यावरून २००४ चा कायदा झाला. एवढं सगळं वाचून माझ्या मनात एकच गोष्ट राहिली. त्या मुलीची भाषा फ्रेंच होती, आणि तिच्याजवळ बसून, तिच्या भाषेत, त्या आत्याला बाहेर ठेवून कुणी निवांत बोललंच नाही. तिचं खरं नावसुद्धा कुणाला कळलं नव्हतं.

मारियाच्या वेळी खात्यांनी ऐकलं नाही. क्लीव्हलंडला ऐकायच्या आधीच ठरवून टाकलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला या दोन उलट चुका वाटल्या. आता वाटतं की चूक एकच आहे. दोन्हीकडे मुलाचं म्हणणं बाजूला राहिलं. एकीकडे मोठ्यांच्या सबबी ऐकल्या, दुसरीकडे मोठ्यांची खात्री ऐकली.

आपल्याकडे काय आहे, हेही सांगायला हवं. मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा १९२४ सालीच झाला होता आणि १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. पण त्या सगळ्याचा रोख बराचसा रस्त्यावरच्या, अनाथ, उनाड म्हटल्या जाणाऱ्या मुलांकडे होता. घरातल्या मुलाची तक्रार घरातच राहायची. १९९६ साली मुंबईत १०९८ हा मुलांसाठीचा फोन सुरू झाला, आणि मूल स्वतः तक्रार करू शकतं ही कल्पना पहिल्यांदा रुजली. २००७ साली केंद्र सरकारनं १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. मी तो आकडा वाचला तेव्हा नोकरीत घालवलेल्या वर्षांतले वर्ग डोळ्यांसमोर आले. साठ मुलांचा वर्ग. बाकांच्या रांगा. त्यातले अर्धे?

मग २०१२ चा पॉक्सो कायदा आला. त्यात मला बटलर-स्लॉसबाईंच्या अहवालाशी जुळणाऱ्या पुष्कळ गोष्टी दिसतात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवा तिथे घ्यायचा, घेणाऱ्या अधिकाऱ्यानं गणवेश घालायचा नाही, मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही, न्यायालयात पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचं. आणि ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्यानं ती कळवलीच पाहिजे, नाही कळवली तर शिक्षा. शिक्षक त्यात आलेच, आणि संस्थाप्रमुख गप्प बसला तर त्याला शिक्षा जास्त. खोटी तक्रार मुद्दाम करणाऱ्या मोठ्या माणसालाही शिक्षा आहे, मुलाला मात्र नाही.

कायदा चांगला आहे. पण ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या दोन चिमुरड्यांच्या आईबापांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावं लागलं, आणि २० तारखेला माणसं रेल्वेच्या रुळांवर उतरली. उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. दार उघडलं नाही की तक्रार रस्त्यावर येते. क्लीव्हलंडमध्ये ती वर्तमानपत्रात गेली, इथे रुळांवर गेली.

आता लेकीच्या प्रश्नाचं उत्तर.

ऐंशीच्या सुमारास एका तालुक्याच्या गावी मी पाचवीला शिकवत होते. वर्गात एक मुलगी होती, आई नसलेली, नातेवाइकांकडे राहणारी. अक्षर फार सुरेख. ती बाकाला पाठ टेकून कधी बसत नसे. एकदा मधल्या सुट्टीत मी विचारलं, तर "पडले बाई" म्हणाली. महिन्याभरानं पुन्हा विचारलं, तेव्हाही पडले म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली. मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, घरचा मामला आहे. उद्या तिच्या घरचे शाळेत येऊन तमाशा करतील. आणि तुमचा समज चुकीचा निघाला तर? तुम्ही शिकवा."

मी शिकवलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. समज चुकीचा निघण्याची भीती मलाही होतीच. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. दाखला नेला म्हणून कळलं. कुठे गेली, पुढे काय झालं, मला माहीत नाही. तेव्हा १०९८ नव्हता, पॉक्सो नव्हता, हे खरं आहे. पण मी तिच्या घरी एकदा जाऊ शकले असते. तालुक्याला वरच्या साहेबांना दोन ओळी लिहू शकले असते. कायदा नव्हता, पण पोस्टकार्ड होतं.

हे सगळं मी गेल्या रविवारी लेकीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं त्या मुलाचं सांगितलं. नेमलेल्या शिक्षिकेनं आईला बोलावून घेतलं, मुलाशी वेगळं बोलणं झालं, शाळेनं चौकशी केली. मूल सायकलवरून पडलं होतं, पाहणारे साक्षीदार होते. आई आधी फार चिडली, रडली. तिला सगळं समजावून सांगितलं, आणि आमचं वागणं पटलं नसेल तर तक्रार कुणाकडे करायची त्याचा कागदही तिच्या हाती दिला. मूल त्या दिवशी नेहमीप्रमाणे घरीच गेलं.

"म्हणजे मी उगाचच लिहिलं का गं, आई?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "नाही. पुन्हा दिसलं तर पुन्हा लिही."